अल्सेशियन : युद्धात बदललेलं नाव

‘कुत्र्यापासून सावध राहा’ ही पाटी दिसली, की आत अल्सेशियन असणार, असं आपण धरूनच चालतो. पण या कुत्र्याचं मूळ नाव वेगळं आहे.

१८९९ साली जर्मनीत माक्स फॉन श्टेफानित्स या घोडदळातल्या अधिकाऱ्याने होरांड नावाचा कुत्रा विकत घेतला आणि या जातीसाठी संघ स्थापन केला. नाव होतं ‘डॉयचर शेफरहुंट’. शेफर म्हणजे मेंढपाळ, हुंट म्हणजे कुत्रा.

मग पहिलं महायुद्ध झालं. ब्रिटनला कुत्रा हवा होता, पण ‘जर्मन’ शब्द नकोसा झाला होता. १९१९ मध्ये तिथल्या केनेल क्लबने त्याची नोंद ‘अल्सेशियन वुल्फ डॉग’ अशी केली. आल्सास हा सरहद्दीवरचा प्रांत. गंमत बघा, १८७१ पासून युद्ध संपेपर्यंत तोही जर्मनीतच होता! अमेरिकेनेही १९१७ मध्ये ‘जर्मन’ शब्द गाळला. तो १९३१ मध्ये परत आला. ब्रिटनमध्ये मात्र त्यासाठी १९७७ साल उजाडावं लागलं.

आपल्याकडे हे नाव इंग्रजांकडून आलं. त्यांचं जर्मनीशी असलेलं वैर कधीच संपलं, पण त्या वैरातून निघालेला शब्द आपण अजून सहज वापरतो.