सीमाद्वार मार्गनिर्देशन

स्वतंत्र व्यवस्थापनाखालील संगणक-जाळी परस्परांस जोडलेली असता, एका जाळ्यातील संदेश कोणत्या जाळ्यांतून नेऊन इष्ट स्थळी पोहोचवावा, हे ठरविण्याची पद्धती. ती ज्या नियमसंचावर आधारलेली आहे, त्यास बॉर्डर गेटवे प्रोटोकॉल किंवा संक्षेपाने बीजीपी म्हणतात. बाहेरील जाळ्यांशी एकाच धोरणाने व्यवहार करणाऱ्या जाळ्यांच्या समूहास ‘स्वायत्त प्रणाली’ ही संज्ञा असून अशा प्रत्येक प्रणालीस एक क्रमांक दिलेला असतो.

अमेरिकेत १९६९ मध्ये सुरू झालेल्या आर्पानेट या जाळ्यास पुढे इतर जाळी जोडली गेली. त्यांच्यातील मार्गांची माहिती कळविण्यासाठी एरिक रोझेन यांनी १९८२ मध्ये एक्स्टीरिअर गेटवे प्रोटोकॉल मांडला. त्यात मध्यवर्ती जाळे खोडासारखे व इतर जाळी फांद्यांसारखी कल्पिलेली होती. एनएसएफनेट या जाळ्याच्या उभारणीनंतर एकाच स्थळी जाणारे अनेक मार्ग निर्माण झाले व ही कल्पना अपुरी पडू लागली. जानेवारी १९८९ मध्ये टेक्सस राज्यातील ऑस्टिन येथे भरलेल्या तंत्रज्ञांच्या बैठकीच्या वेळी कर्क लॉहीड व याकोव्ह रेख्टर यांनी भोजनाच्या टेबलावरील कागदी रुमालांवर नव्या नियमसंचाचा आराखडा तयार केला. तो त्याच वर्षी जूनमध्ये प्रसिद्ध झाला.

या पद्धतीत प्रत्येक मार्गाबरोबर तो ज्या स्वायत्त प्रणालींतून आला, त्यांच्या क्रमांकांची यादी पाठविली जाते. यादीत स्वतःचाच क्रमांक आढळल्यास राउटर तो मार्ग नाकारतो. त्यामुळे संदेश वर्तुळात फिरत राहत नाहीत. राउटरची मांडणी करताना शेजारी प्रणालीचा पत्ता व क्रमांक, जाहीर करावयाचे पत्तागट, स्वीकारावयाच्या मार्गांवरील गाळण्या आणि पसंतीक्रम ही माहिती द्यावी लागते. पसंतीक्रम बहुधा व्यापारी करारांवरून ठरतो; म्हणून निवडलेला मार्ग सर्वांत आखूड असतोच असे नाही. मात्र एकाच पत्त्यासाठी लहान व मोठा असे दोन पत्तागट जाहीर झालेले असल्यास संदेश लहान, म्हणजे अधिक नेमक्या, गटाच्या मार्गाने जातो. पत्त्यांचे गट एकत्र करून मार्गांची संख्या आटोक्यात ठेवण्याची सोय चौथ्या आवृत्तीत, १९९४ मध्ये, झाली. एनएसएफनेटचा कणा एप्रिल १९९५ मध्ये बंद झाल्यावर मध्यवर्ती नियंत्रण राहिले नाही व इंटरनेटचे ऐक्य या नियमसंचावरच अवलंबून राहिले.

शेजाऱ्याने जाहीर केलेला मार्ग खरा मानावा, हे या रचनेतील मूळ गृहीत होय. परस्परपरिचित तंत्रज्ञांच्या लहान समुदायात ते पुरेसे होते; जाळ्यांचा विस्तार झाल्यावर तेच दौर्बल्य ठरले. २५ एप्रिल १९९७ रोजी स्वायत्त प्रणाली क्र. ७००७ मधून हजारो चुकीचे मार्ग बाहेर पसरले आणि इंटरनेटचा मोठा भाग विस्कळीत झाला. फेब्रुवारी २००८ मध्ये पाकिस्तानात यूट्यूब रोखण्यासाठी केवळ देशांतर्गत वापरावयाचा, अधिक नेमका पत्तागट बाहेर जाहीर झाला व जगभरातील यूट्यूबची सेवा सुमारे दोन तास खंडित झाली. ४ ऑक्टोबर २०२१ रोजी फेसबुकने दुरुस्तीच्या कामात स्वतःचेच मार्ग अनवधानाने मागे घेतल्याने त्याच्या सेवा सुमारे सहा तास बंद होत्या.

कोणता पत्तागट कोणत्या प्रणालीने जाहीर करावा, याची सांकेतिक स्वाक्षरीयुक्त प्रमाणपत्रे देण्याची आरपीकेआय ही व्यवस्था २०१२ मध्ये प्रमाणित झाली. तथापि तिने मार्गाचा उगम तेवढा पडताळता येतो. मधल्या टप्प्यांची सत्यता सिद्ध होत नाही. म्हणून गाळण्यांची काळजीपूर्वक मांडणी करण्याची जबाबदारी प्रत्येक प्रणालीच्या व्यवस्थापकावर राहतेच.