येळकोट म्हणजे किती?

चंपाषष्ठी जवळ आली की मला आमचं मल्हारगंजातलं जुनं बिऱ्हाड आठवतं. इंदूरची मंडळी ओळखतील. आम्ही होळकरांच्या मागे देशावरून माळव्यात आलेले धनगर. नक्की कोणत्या पिढीत आलो ते घरात कुणाला सांगता येत नाही. पण येताना खंडोबाचा चांदीचा टाक बरोबर आणला, तो आजही देव्हाऱ्यात आहे. आज त्याच्या नावांबद्दल थोडं लिहितो. लांबलं तर सांभाळून घ्या.

वडील मालवा मिलमध्ये होते. वाड्याच्या मालकीणबाईंना आम्ही काकू म्हणायचो. त्या रोज पहाटे विष्णुसहस्रनाम म्हणायच्या, न अडखळता, एका लयीत. त्यांचा मुलगा माझ्याच वयाचा. मुंज झाल्यावर तो संध्या करायला लागला. केशव, नारायण, माधव, गोविंद अशी विष्णूची चोवीस नावं घेऊन आचमन. काकूंची एकशेआठ मण्यांची माळ होती. दिवसाच्या किती माळा झाल्या ते त्या बोटांवर मोजायच्या.

आमच्याकडे यातलं काहीच नव्हतं. वर्षातून एकदा, मार्गशीर्षातल्या षष्ठीला, तळी भरायची. ताटात पाण्याचा कलश, विड्याची पानं, सुपारी, पैसा, खोबऱ्याच्या वाट्या आणि भंडारा, म्हणजे हळद. दिवटी-बुधली पेटवायची. पाच पुरुषांनी ताटाला हात लावून ते तीनदा उचलायचं आणि मोठ्यांदा म्हणायचं, "सदानंदाचा येळकोट! येळकोट येळकोट जय मल्हार!" मग भंडारा उधळायचा. नैवेद्याला बाजरीचा रोडगा, वांग्याचं भरीत. चातुर्मासात बंद असलेली वांगी त्या दिवशी घरात यायची. आईचा आवाज सोडला तर घरातले सगळे आवाज त्या दिवशी वाड्याबाहेर ऐकू जायचे.

मी आठवीत असताना वर्गात एकदा देवाच्या नावांचा विषय निघाला. कुणी सहस्रनाम सांगितलं, कुणी रामनाम. माझी पाळी आली तेव्हा मी 'येळकोट' म्हणालो. मास्तरांनी विचारलं, "म्हणजे काय रे?" मला सांगता येईना. ते हसून म्हणाले, "तुमच्या देवाला ओरडल्याशिवाय ऐकू येत नाही वाटतं." वर्ग हसला. एवढीच गोष्ट. पण त्या वर्षी तळी उचलताना मी नुसते ओठ हलवले, पुढच्या वर्षी अभ्यासाचं निमित्त केलं. वडील काही बोलले नाहीत. शेजारच्या घरातून कुणाला तरी बोलावून त्यांनी पाच पुरे केले.

नावाचा अर्थ मला ठाऊक नव्हता, पण आम्ही राहात होतो त्या पेठेचंच नाव मल्हार होतं. हे लक्षात यायला मला बी.कॉम. होऊन बँकेत लागावं लागलं. नोकरी लागल्यावर इतिहास वाचायचा नाद लागला, तेव्हा होळकरांची वंशावळ समोर आली. होळ गावात जन्मलेले मल्हारराव. त्यांचे चिरंजीव खंडेराव, १७५४ मध्ये कुंभेरच्या वेढ्यात गेले. पुढे १८११ मध्ये दुसरे मल्हारराव गादीवर. १८३३ मध्ये ते वारल्यावर मार्तंडराव, काही महिनेच. मग हरिराव आणि १८४३ ला दुसरे खंडेराव. मल्हार, मार्तंड, खंडेराव ही तिन्ही एकाच देवाची नावं. वडोद्याची मंडळी आता म्हणतील, आमच्याकडेही. बरोबर आहे. गायकवाडांच्या गादीवर १८५६ ते १८७० खंडेराव महाराज आणि त्यांच्यानंतर त्यांचे बंधू मल्हारराव. वडोद्याचं खंडेराव मार्केट ठाऊक नाही असा मराठी माणूस त्या शहरात नसेल.

यातलं प्रत्येक नाव वेगळी गोष्ट सांगतं. 'मल्हारी' म्हणजे मल्लाचा अरी, शत्रू. मणी आणि मल्ल हे दैत्य ऋषींना छळत होते, म्हणून शंकरांनी मार्तंडभैरवाचं रूप घेतलं, अशी मल्हारी माहात्म्यातली कथा. म्हणजे देवाच्या नावात त्याने मारलेल्या दैत्याचं नाव राहून गेलं. 'मार्तंड' म्हणजे सूर्य. म्हणून रविवार हा त्याचा वार आणि हळद हे त्याचं सोनं. 'खंडोबा' हे नाव त्याच्या हातातल्या खंड्यावरून, म्हणजे तलवारीवरून आलं, असं सांगतात. 'म्हाळसाकांत' हे बायकोवरून. मुसलमान भक्तांनी त्याला 'मल्लूखान' म्हटलं. रा. चिं. ढेरे आणि जर्मन अभ्यासक सोंथायमर यांनी या देवावर आयुष्याची कितीतरी वर्षं घातली. ज्यांना खोलात जायचं आहे त्यांनी त्यांचं लिखाण जरूर वाचावं.

एवढं वाचून झालं तरी 'येळकोट' मात्र अडलेलाच होता.

१९८४ मध्ये ऑफिसर म्हणून माझी बदली कर्नाटकात राणेबेन्नूरला झाली. भाषा येत नव्हती, घर इंदूरला, मी एकटाच. शाखेतले कॅशियर वयाने मोठे, स्वभावाने मोकळे. एकदा दसऱ्याच्या सुमारास ते म्हणाले, "सार, देवरगुड्डला जत्रा आहे, चला." मोडक्या हिंदीतून त्यांनी सांगितलं, देवाचं नाव मैलार.

टेकडी चढताना मला आधी हळद दिसली. पायऱ्या, भिंती, माणसांची कपाळं, सगळं पिवळं. मग काळी घोंगडी पांघरलेली, डमरू वाजवणारी माणसं दिसली. त्यांना तिकडे गोरव म्हणतात. ते कुत्र्यासारखे भुंकतात आणि लाकडी भांड्यातलं दूध-केळ्याचं खातात. आपले वाघ्ये देवाचे कुत्रे म्हणवून घेत आणि कोटंब्यात भिक्षा मागत, तेच हे. आणि मग गर्दी ओरडली, "एळुकोटि, एळुकोटि, एळुकोटिगो!" त्यामागून आलेल्या 'चांगमलो' या शब्दात मला आपलं 'चांगभलं' ऐकू आलं.

मी कॅशियरना विचारलं, "एळुकोटि म्हणजे?"

त्यांनी एका हाताची पाच आणि दुसऱ्याची दोन बोटं दाखवली. "एळु म्हणजे सात, सार. कोटि म्हणजे कोटी. देवाबरोबर सात कोटींचं सैन्य आलं होतं."

मंडळी, मी बँकेचा माणूस. दिवसभर आकडे मोजणारा. आणि माझ्या घरात पिढ्यान् पिढ्या जो आकडा मोठ्याने उच्चारला जात होता तो मला परक्या भाषेतून, दुसऱ्याच्या बोटांवर मोजून कळला. मास्तरांच्या प्रश्नाला उत्तर होतं. तेव्हा ते ना मला ठाऊक होतं, ना मास्तरांना. आमच्याकडे हजार नावं नव्हती, माळ नव्हती. पण ही हाक एकट्याने घ्यायची नव्हतीच. सात कोटींचं नाव तोंडात पुटपुटून कसं घेणार? ते पाच जणांनी मिळून ओरडूनच घ्यायचं. काकूंचा जप आणि आमची हाक यांत कमीजास्त काही नाही. एक माळेवर मोजायचा, दुसरी गर्दीत मिसळायची. हे मला पस्तिशीला आल्यावर कळलं.

त्या रात्री मी वडिलांना आंतरदेशीय पत्र लिहिलं. सगळं सविस्तर. शेवटी मास्तरांची गोष्टही लिहिली, जी मी त्यांना कधी सांगितली नव्हती. पंधरा दिवसांनी त्यांचं पोस्टकार्ड आलं. मिलचा बोनस, आईचे गुडघे, पावसाने गळणारं छप्पर. माझ्या पत्रातल्या एकाही गोष्टीवर एक अक्षर नाही. फक्त शेवटी एक ओळ: "चंपाषष्ठीला रजा काढून ये. तळीला आम्ही चारच आहोत."

गेलो. त्या वर्षी मी इतका मोठ्याने ओरडलो की काकू दारात येऊन उभ्या राहिल्या. वडिलांनी भंडारा उधळला तो बराचसा माझ्याच डोक्यावर पडला.

पुढे १९९६ ला हैदराबादला बदली झाली. तिथे कोमुरवेल्लीचा मल्लन्ना. जत्रा संक्रांतीनंतर सुरू होते ती उगादीपर्यंत चालते, रविवारच्या रविवारी. ओग्गू कथेकरी त्याची कथा गातात, रंगीत पिठांनी 'पट्नम' काढतात. त्याच्या दोन बायका, बलिज मेडलम्मा आणि गोल्ल केतम्मा. म्हणजे एक व्यापाऱ्याच्या जातीतली, एक गुराखी-मेंढपाळांतली. आपल्याकडे नेवाशाच्या लिंगायत वाण्याची म्हाळसा आणि चंदनपुरीच्या धनगराची बाणाई. कर्नाटकात गंगीमाळव्वा आणि कुरुबांची कुरुबत्तेव्वा. नावं बदलली, घराण्याची रचना तीच. वाणी आणि मेंढपाळ, दोघांनीही या देवाला जावई करून घेतलं. त्यामुळे तो कुठल्या एका जातीचा किंवा एका भाषेचा राहिलाच नाही. बेळगावकडच्या मंडळींना हे नव्याने सांगायला नको. मंगसुळीच्या खंडोबाला मराठी आणि कन्नड दोन्ही घरांतून माणसं येतात.

एक मात्र सांगतो, नाव सारखं म्हणजे देव सारखाच, असं प्रत्येक वेळी नाही. गोव्याच्या मंडळींनी मला हे शिकवलं. मार्दोळची म्हाळसा मूळची वेर्ण्याची. सोळाव्या शतकात पोर्तुगीजांच्या काळात तिला तिथून हलवलं. ती म्हाळसा नारायणी, विष्णूचं मोहिनी रूप. मी पहिल्यांदा गेलो तेव्हा खंडोबा कुठे बसलाय ते शोधत होतो! तिथल्या पुजाऱ्यांनी शांतपणे समजावलं. मोहिनीच पुढे खंडोबाची म्हाळसा झाली, असं सांगणारी कथा आहेच, पण तिथल्या भक्तांसाठी ती नारायणी आहे. तेव्हा दुसऱ्याच्या देवाचं नाव त्याच्याच तोंडून ऐकून घ्यावं, आपला अर्थ त्यावर चिकटवू नये.

आता घरचं. वडील जाऊन बरीच वर्षं झाली. मल्हारगंजातला वाडा गेला, आम्ही फ्लॅटमध्ये आलो. मागच्या चंपाषष्ठीला घरात पुरुष तीनच होतो. मी, मुलगा आणि धाकटा भाऊ. समोरच्या फ्लॅटमधले तेलुगू गृहस्थ चौथे झाले. त्यांना मल्लन्ना ठाऊक, त्यामुळे फार सांगावं लागलं नाही. पाचवा मिळेना. नात बारा वर्षांची आहे. घरात हिंदी जास्त बोलते, मराठी तोडकंमोडकं. ती म्हणाली, "आजोबा, मी हात लावू?"

तळीला पुरुषच लागतात, हे मला ठाऊक आहे. ज्यांना खटकेल त्यांनी राग मानू नये. मी क्षणभर थांबलो, मग म्हटलं, "लाव. पण ओरडायचं मोठ्याने." ताट उचलण्याआधी तिने विचारलं, "येळकोट म्हणजे काय?" मी दोन्ही हातांची मिळून सात बोटं दाखवली.

तुमच्या घरी तळी भरताना काय म्हणतात, देवाचं कोणतं नाव घेतात, ते जरूर लिहा. बडोदा, ग्वाल्हेर, हैदराबाद, बेळगाव, कुठूनही. मुलांना अर्थासकट सांगा. वर्गात कुणी विचारलं तर त्यांना उत्तर देता यायला हवं.

येळकोट येळकोट जय मल्हार!