ठराव आणि कायदा : हिंगोलीच्या संदर्भात विद्यापीठ व विधिमंडळ

विद्यापीठ स्वायत्त असले तरी त्याचा जन्म, नाव व कार्यक्षेत्र ही विधिमंडळाच्या कायद्याने ठरतात. या संबंधाचे स्वरूप तपासण्यास हिंगोलीचा प्रदेश सोयीचा आहे. १ मे १९९९ रोजी परभणीपासून अलग होऊन जिल्हा झालेल्या या भागाचा उच्च शिक्षणविषयक संबंध क्रमाने तीन विद्यापीठांशी आला.

निजामी राजवटीत येथील मराठी विद्यार्थ्यापुढे प्रामुख्याने १९१८ साली स्थापन झालेले, उर्दू माध्यमाचे उस्मानिया विद्यापीठ होते. १ नोव्हेंबर १९५६ रोजी मराठवाडा द्विभाषिक मुंबई राज्यात आला. पुढच्याच वर्षी सरकारने न्यायमूर्ती पळणीटकर यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. १९५८ साली मुंबई विधिमंडळाने कायदा केला, आणि २३ ऑगस्ट १९५८ रोजी औरंगाबाद (आजचे छत्रपती संभाजीनगर) येथे पंडित नेहरूंच्या हस्ते मराठवाडा विद्यापीठाचे उद्घाटन झाले. लोकांची मागणी, समितीची शिफारस व कायदा ही तिन्ही येथे एकाच दिशेने गेली. म्हणूनच हे कार्य दोन वर्षांच्या आत सिद्धीस गेले.

वीस वर्षांनंतरचा प्रसंग याहून निराळा आहे. २७ जुलै १९७८ रोजी विधिमंडळाच्या दोन्ही सभागृहांनी विद्यापीठास डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे नाव देण्याचा ठराव संमत केला. परंतु विद्यापीठाचे नाव १९७४ च्या कायद्यात नमूद होते, आणि ठरावाने कायदा बदलत नाही. ठरावापाठोपाठ मराठवाड्यात हिंसाचार उसळला. दलितांची घरे जाळली गेली, माणसे मारली गेली. ज्या परभणी जिल्ह्यात तेव्हा हिंगोली होती, तोही यातून सुटला नाही. ठरावाची अंमलबजावणी थांबली आणि नामांतराची चळवळ सुरू राहिली.

अखेर १४ जानेवारी १९९४ रोजी 'डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठ' असा नामविस्तार झाला, व त्या वर्षीच्या महाराष्ट्र विद्यापीठ कायद्यात हेच नाव आले. त्याच वर्षी, मराठवाडा मुक्तिदिनी म्हणजे १७ सप्टेंबर रोजी, नांदेड येथे स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठ स्थापन झाले. हिंगोलीची महाविद्यालये या जवळच्या विद्यापीठाकडे गेली.

ठराव व नामविस्तार यांत सुमारे साडेपंधरा वर्षांचे अंतर आहे. ते केवळ प्रशासकीय दिरंगाईचे मानणे अपुरे होय. १९५८ च्या कायद्यामागे प्रदेशाची संमती आधीच उभी होती. १९७८ च्या ठरावामागे न्याय होता, परंतु गावोगावची संमती घडलेली नव्हती, आणि ठराव करणाऱ्या शासनाने गावातील दुर्बलांच्या रक्षणाची पुरेशी तजवीजही केली नव्हती. सभागृहातील निर्णयाची किंमत सभागृहाबाहेरच्या निराधारांनी मोजली. म्हणून विद्यापीठाचा इतिहास लिहिणाऱ्या अभ्यासकाने अधिनियमाच्या कलमांवर न थांबता, ठराव व कायदा यांच्या दरम्यान खेड्यांत काय घडले, याचाही शोध घेतला पाहिजे.