पडदा, कॅमेरा आणि सावकार : बाबूराव पेंटर यांच्या वास्तववादाचा पुनर्विचार

मराठी साहित्याच्या इतिहासात वास्तववादाची चर्चा नेहमी हरि नारायण आपट्यांपासून सुरू होते आणि कादंबरीच्या कक्षेतच फिरत राहते. चित्रपटाच्या इतिहासकारांनी मात्र हा मान वेगळ्या माणसाला आणि वेगळ्या माध्यमाला दिला आहे. 1925 साली कोल्हापुरात तयार झालेल्या 'सावकारी पाश' या मूकपटामुळे बाबूराव पेंटर हे भारतीय चित्रपटातील वास्तववादाचे आद्य प्रवर्तक ठरले. हे दोन इतिहास एकमेकांकडे पाठ करून उभे आहेत. वास्तववाद ही संज्ञा दोन्हीकडे एकाच अर्थाने वापरली जाते काय, हा प्रश्न त्यामुळे कधी नीट विचारलाच गेला नाही. ज्या संहितेच्या आधारे बाबूरावांना हे बिरुद मिळाले ती संहिताच आज उपलब्ध नाही, ही अडचण तर त्याहून मोठी आहे.

बाबूराव कृष्णराव मिस्त्री यांचा जन्म 3 जून 1890 रोजी कोल्हापुरात झाला. वडील कसबी कारागीर होते. लाकूड, दगड, हस्तिदंत यांवर त्यांचा हात चालत असे. शालेय शिक्षण फारसे न झालेल्या बाबूरावांनी चित्र आणि शिल्प या दोन्ही कला घरातच आत्मसात केल्या. पांढरपेशा वर्गाने निर्माण केलेल्या मराठी गद्याच्या परंपरेशी त्यांचा संबंध वाचकाचा. त्यांची स्वतःची परंपरा हत्याराची आणि हाताची होती. मिस्त्री हे आडनाव मागे पडून पेंटर हे व्यवसायनाम रूढ झाले, यातही या परंपरेचे एक स्थित्यंतर सूचित होते. कारागिराचा चित्रकार होणे ही त्या काळात केवळ कौशल्याची बाब नव्हती. ती सामाजिक दर्जाचीही होती.

1910 ते 1916 या काळात बाबूराव आणि त्यांचे बंधू आनंदराव पेंटर हे संगीत नाटक मंडळ्यांचे आणि गुजराती-पारशी रंगभूमीचे नामवंत पडदे रंगवीत होते. राजवाडा, अरण्य, नगरीचा रस्ता, उद्यान असे हे पडदे असत आणि सपाट कापडावर खोलीचा आभास निर्माण करणे हे त्यांचे काम असे. पुढे बाबूरावांनी चित्रपटात जे केले त्याचे मूळ या कामात आहे. परंतु ते अनुकरणाच्या रूपाने नाही, नकाराच्या रूपाने आहे. दादासाहेब फाळके यांचा 'राजा हरिश्चंद्र' 1913 साली आला आणि या दोन भावांना चलच्चित्राचा ध्यास लागला. परदेशी कॅमेरा विकत घेण्याची ऐपत नव्हती, म्हणून कॅमेरा स्वतःच बनवायचा असे त्यांनी ठरविले. 1916 साली आनंदरावांचे निधन झाले. उरलेले काम विष्णुपंत दामले यांच्या साहाय्याने 1918 च्या सुमारास पुरे झाले. मराठी चित्रपटाच्या इतिहासात ही हकीकत नेहमी जिद्दीची कथा म्हणून सांगितली जाते. ती तशी आहेच. परंतु ज्याने यंत्राचा प्रत्येक सुटा भाग स्वतः कातून बसविला त्याची त्या यंत्राकडे पाहण्याची दृष्टी ते विकत घेणाऱ्याच्या दृष्टीहून निराळी असणार, हा मुद्दा तिच्यात हरवतो.

महाराष्ट्र फिल्म कंपनीच्या उभारणीत गायिका तानीबाई कागलकर यांचा पैसा होता आणि करवीर दरबाराचा आश्रय होता. कंपनीचा पहिला चित्रपट 'सैरंध्री' 7 फेब्रुवारी 1920 रोजी पुण्याच्या आर्यन थिएटरात लागला. लोकमान्य टिळकांनी बाबूरावांना 'सिनेमा केसरी' ही पदवी दिली ती याच चित्रपटानंतर. साहित्याच्या अभ्यासकाला या प्रसंगात एक सूत्र सहज दिसावे. कीचकवधाचे हेच कथानक कृ. प्र. खाडिलकरांनी 1907 साली रंगभूमीवर आणले होते. त्यातल्या कीचकात प्रेक्षकांनी कर्झनला पाहिले आणि 1910 साली सरकारने त्या नाटकावर बंदी घातली. म्हणजे 1920 च्या पुणेकर प्रेक्षकाला पडद्यावरचा कीचक हा निव्वळ पुराणातला कीचक नव्हता. मूकपटाला संवाद नव्हते, परंतु बंदी घातलेल्या नाटकाचे शब्द प्रेक्षकांच्या कानांत होते. ज्याला आज आंतरसंहितात्मकता म्हटले जाते तिचे इतके उघड उदाहरण मराठीत शोधूनही क्वचितच सापडेल. पडद्यावरचा कीचकवध इतका प्रत्ययकारी होता की त्याच्या दाहकतेबद्दल तक्रारी झाल्या. खाडिलकरांचे नाटक अर्थामुळे अडचणीचे ठरले, बाबूरावांचे दृश्य प्रत्ययामुळे. शब्द आणि दृश्य या दोन चिन्हव्यवस्थांमधला भेद येथे सरकारी दप्तरानेही नकळत मान्य केला, असे म्हणावे लागते.

'सैरंध्री'त स्त्रीभूमिका स्त्रियांनीच केल्या. फाळक्यांच्या 'मोहिनी भस्मासुर'मध्ये (1913) हे आधी घडले होते, त्यामुळे त्याला प्रथमत्वाचा मान देण्याचे कारण नाही. त्या भूमिका करणाऱ्या गुलाबबाई आणि अनसूयाबाई यांना पडद्यासाठी कमलादेवी आणि सुशीलादेवी ही नावे घ्यावी लागली, ही गोष्ट मात्र नोंदण्याजोगी आहे. मिस्त्रींचे पेंटर झाले आणि गुलाबबाईंची कमलादेवी झाली. पण पहिल्या नामांतराने प्रतिष्ठा मिळाली, तर दुसरे अप्रतिष्ठा झाकण्यासाठी करावे लागले.

यानंतर 1923 साली 'सिंहगड' आला. आधार हरि नारायण आपट्यांच्या 'गड आला पण सिंह गेला' या कादंबरीचा. रात्रीच्या दृश्यांसाठी बाबूरावांनी कृत्रिम प्रकाशाचा उपयोग केला. परंतु त्याहून महत्त्वाची गोष्ट रचनेची आहे. रंगविलेले पडदे त्यांनी चित्रपटातून काढून टाकले आणि त्यांच्या जागी घन, त्रिमितीय, माणसे वावरू शकतील असे नेपथ्य उभे केले. प्रत्येक दृश्याची, पात्रांच्या वेशाची आणि हालचालींची रेखाटने ते आधी करीत. आयुष्याची उमेदीची वर्षे ज्याने पडदे रंगविण्यात घालविली त्यानेच रंगविलेला पडदा नाकारावा, यात वरवर विसंगती वाटते. पण खोलीचा आभास किती कष्टाने निर्माण होतो हे ज्याला माहीत असते त्यालाच आभासाची मर्यादाही माहीत असते. 1924 च्या वेम्बली प्रदर्शनात 'कल्याण खजिना'ला पदक मिळाले. त्याची भित्तिपत्रके बाबूरावांनी स्वतः रंगविली होती. कुंचला त्यांनी टाकला नव्हता. त्याला चौकटीबाहेर, चित्रपटगृहाच्या दारावर जागा दिली होती.

या पार्श्वभूमीवर 'सावकारी पाश'कडे वळता येते. कथा नारायण हरि आपटे यांची. सावकाराच्या कपटाने जमीन गमावलेला शेतकरी शहरात येऊन गिरणीकामगार होतो, एवढाच तिचा सांगाडा. तरुण शेतकऱ्याची भूमिका व्ही. शांताराम यांनी केली. मूळ चित्रपट नष्ट झाला आहे. उरल्या आहेत त्या आठवणी. त्यांत जे. बी. एच. वाडिया यांची आठवण सर्वात अधिक उद्धृत होते : अंधुक प्रकाशातली झोपडी आणि विव्हळणारे कुत्रे. एका संपूर्ण चित्रपटाची कीर्ती अशी एका चौकटीवर उभी आहे. समीक्षकाने येथे सावध व्हावयास हवे. वाडियांना जे आठवले ते कर्जखताचे तपशील नव्हेत, व्याजाचा हिशोब नव्हे; ते वातावरण आहे. वास्तववादी कादंबरीचा वाचक ज्याला वास्तव म्हणतो, म्हणजे कारणपरंपरा, संस्थांचे व्यवहार, व्यक्तीवर पडणारा परिस्थितीचा दाब, त्यापैकी या आठवणीत काही नाही. तिच्यात छाया आहे, माती आहे, अवकाश आहे. बाबूरावांच्या कलेला वास्तववाद म्हणण्यापेक्षा मूर्ततावाद म्हणणे अधिक नेमके होईल.

हा विषय मराठीला नवा नव्हता. 1875 साली सुप्याला सावकारांच्या वह्या जळाल्या, 1879 साली दख्खनच्या शेतकऱ्यांसाठी कायदा झाला, 1883 साली जोतीराव फुले यांनी 'शेतकऱ्याचा असूड' पुरा केला. धनुर्धारींची 'पिराजी पाटील' 1903 ची. परंतु 1925 च्या आसपासची प्रतिष्ठित कादंबरी शेताच्या बांधावर फारशी उतरत नव्हती. ज्या नारायण हरि आपट्यांच्या कथेवर हा चित्रपट झाला त्यांना तर वाङ्मयेतिहासाने लोकप्रिय लेखक म्हणून एका ओळीत वाटेला लावले. त्यांच्याच 'भाग्यश्री'वरून 'अमृतमंथन' (1934) आणि 'न पटणारी गोष्ट'वरून 'कुंकू' (1937) झाले. तीन वेळा चित्रपटाला जो लेखक आपला वाटला तो समीक्षेला का वाटला नाही, याचे उत्तर समीक्षेच्या अभिरुचीत शोधावे लागेल, लेखकाच्या गुणवत्तेतच ते आहे असे धरून चालता येणार नाही.

'सावकारी पाश' चालला नाही. पुराणकथांना सरावलेल्या प्रेक्षकाला वास्तव सोसले नाही, असे त्याचे कारण सर्वत्र दिले जाते. हे कारण फार सोयीचे आहे. ज्याच्या घरी सावकाराची वही होती त्याला सावकार पडद्यावर पाहण्यात अद्भुत काय वाटावे? शिवाय हिंगोली, परभणी, नांदेड हा मुलूख तेव्हा निजामाच्या राज्यात होता. सावकारीला आळा घालणारा कायदा हैदराबाद संस्थानात 1349 फसलीत, म्हणजे 1939-40 मध्ये झाला; सुप्याच्या दंग्यानंतर चौसष्ट वर्षांनी. ज्या मराठी शेतकऱ्याची ही कथा सर्वांत अधिक होती, तो चित्रपटगृहाच्या तिकिटापासून सर्वांत दूर होता. अपयशाचा दोष प्रेक्षकाच्या अभिरुचीवर टाकण्यापूर्वी प्रेक्षक कोण होता हे पाहिले पाहिजे.

1929 हे वर्ष कंपनीच्या दृष्टीने निर्णायक ठरले. दामले, फत्तेलाल, शांताराम आणि धायबर बाहेर पडले आणि सीताराम कुलकर्णी यांच्यासह 1 जूनला त्यांनी प्रभात फिल्म कंपनी स्थापन केली. त्यानंतर महाराष्ट्र फिल्म कंपनी फार टिकली नाही. बाबूराव चित्र आणि शिल्पाकडे वळले. बोलपटाच्या काळात ते शालिनी सिनेटोनसाठी परत आले : 'उषा' (1935), पुन्हा एकदा 'सावकारी पाश' (1936), 'प्रतिभा' (1937). स्वतःचाच फसलेला चित्रपट अकरा वर्षांनी पुन्हा काढणारा दिग्दर्शक हट्टी तरी असतो किंवा त्याला आपले म्हणणे पुरे झालेले वाटत नसते.

त्याच 1936 साली, त्यांच्याच शिष्यांनी, दामले-फत्तेलाल यांनी, 'संत तुकाराम' प्रदर्शित केला आणि 1937 साली व्हेनिसमध्ये त्याचा गौरव झाला. परंपरा सांगते की तुकोबांनी कर्जखते इंद्रायणीत बुडविली; हिंगोली जिल्ह्यातल्या नर्सीचे नामदेव स्वप्नात येऊन कवित्वाची आज्ञा देऊन गेले तेही याच सावकार-घराण्यातल्या पुरुषाला. एकाच वर्षी एकाच घराण्याच्या कलावंतांनी सावकारीची दोन टोके पडद्यावर आणली : एकीकडे कागद आवळणारा सावकार, दुसरीकडे कागद सोडणारा संत. प्रेक्षकांनी संताला निवडले. तरीही 'संत तुकाराम'मधले देहूचे घर, आवलीचा संसार, म्हैस आणि अंगण यांना जो घट्टपणा आहे तो बाबूरावांच्या कारखान्यातला आहे. गुरूचा मूर्ततावाद टिकला. त्याचा विषय तेवढा बाजूला पडला.

दूरदेशीचे एक साम्य येथे नोंदविले पाहिजे. जपानी दिग्दर्शक केंजी मिझोगुची (1898–1956) यांचेही शिक्षण चित्रशाळेतले, पाश्चात्य शैलीच्या चित्रकलेचे. 1923 साली त्यांनी दिग्दर्शन सुरू केले आणि त्यांचेही त्या दशकातले बहुतेक मूकपट नष्ट झाले. 1936 साली आलेल्या 'नानिवा एरेजी'त बापाच्या पैशाच्या अडचणीपायी मालकाची रखेली होणारी टेलिफोन ऑपरेटर आहे. मात्र तुलना येथेच थांबते. जपानी मूकपटाजवळ बेन्शी होता, पडद्याशेजारी बसून सर्व पात्रांचा आवाज होणारा निवेदक. आणि मिझोगुचींना स्टुडिओव्यवस्थेने 1956 पर्यंत सलग काम दिले. बाबूरावांना कारखाना स्वतःच चालवावा लागला, आणि तो चालविणे त्यांना जमले नाही. ते धीमे, आपल्या लयीने काम करणारे होते. हिशोबाची वही हा त्यांचा प्रांत नव्हता. सावकारावरचा चित्रपट काढणाऱ्याच्या बाबतीत हे लिहिताना थोडे अडखळायला होते.

नंतरच्या काळात 1947 साली शांताराम यांच्याबरोबर 'लोकशाहीर रामजोशी', 1952 साली 'विश्वामित्र', आणि 16 जानेवारी 1954 रोजी कोल्हापुरात मृत्यू. महाराष्ट्र फिल्म कंपनीच्या मूकपटांपैकी 'मुरलीवाला' आणि 'सती सावित्री' (दोन्ही 1927) यांचे काही अंश राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयात आहेत. दोन्ही पौराणिक आहेत. वास्तववादाची चर्चा ज्यांना पुढे न्यायची आहे त्यांना सुरुवात याच अंशांपासून करावी लागेल : कृष्णाच्या गोकुळातले खांब, पायऱ्या, गोठे, आणि त्यांच्यावर पडलेला प्रकाश.