दिनविशेष : १८ जानेवारी
२००८ – मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेतील डॉ. शुभा टोळे आणि सहकाऱ्यांचा शोधनिबंध ‘सायन्स’मध्ये प्रसिद्ध झाला. उंदराच्या गर्भातील मेंदूच्या मूळपेशींतून ‘एलएचएक्स२’ हे जनुक ठिकठिकाणी काढताच त्या पेशींनी शेजारच्या पेशींना हिप्पोकॅम्पस घडवायला लावले. एकाच मेंदूत असे अनेक भाग उभे राहिले. स्मृतीचे हे केंद्र अल्झायमरमध्ये लवकर खचते. घरातले आजोबा नातवाचे नाव विसरू लागतात, तेव्हा घाव बहुधा तिथेच असतो. मूळपेशींपासून नेमका हाच भाग वाढवायचा, तर कोणता संकेत कुठून येतो हे ठाऊक हवे. त्याचा धागा इथे हाती आला. उंदरापासून माणसापर्यंतचा पल्ला मात्र अजून लांबचा. ‘स्टेम सेल’ म्हणजे मूळपेशींच्या जाहिराती करणाऱ्या दवाखान्यांनी तो गाठल्याचा आव आणू नये.