तळटीप : वांग्यावरचा ठिपक्यांचा किडा

१. भिंगारच्या वांग्यांची पाने खरवडून त्यांची जाळी करणारा हा किडा म्हणजे एपिलॅक्ना भुंगेरा; मावा खाणाऱ्या ढालकिड्याचाच भाऊबंद. कीटकशास्त्रज्ञ फॅब्रिशियसने १७७५ मध्ये अठ्ठावीस ठिपक्यांवरून त्याचे नामकरण केले. प्रत्यक्षात ठिपके कमीही असतात. अशा पानखाऊ भुंगेऱ्यांचे पूर्वी वेगळे उपकुल मानत. जनुकांच्या तुलनेतून ते सारे मांसाहारी पूर्वजांपासून फुटलेली एकच शाखा ठरले. शिकारी कुळाने पाला पत्करावा, ही विलक्षणच गोष्ट! एपिलॅक्ना आणि हेनोसेपिलॅक्ना या पानखाऊ प्रजातींच्या शरीररचनेवरून आखलेल्या सीमा मात्र टिकल्या नाहीत. शेतात ओळखायचे तर पानखाऊची पाठ निस्तेज, बारीक केसांची असते. गुळगुळीत, चकचकीत ढालकिडा शेतकऱ्याचा मित्र आहे, वाचकांनी तो मारू नये. — संपादक