परसाची वई

तारेचं कुंपण आमच्या भोर तालुक्यात फार उशिरा आलं. त्याआधी परसाला वई असायची, जिवंत झाडांची. गुरं तोंड लावत नाहीत ती झाडं वईला, एवढा एकच नियम. म्हणून अडुळसा, निरगुडी आणि काटेरी पिवळी कोरांटी. मृगाला फांद्या खोचल्या की काम झालं, पाणी पावसाचं. पण ती नुसती राखण नव्हती, घरचा दवाखाना होता. खोकल्याला अडुळशाचा काढा, दाढ ठणकली की कोरांटीचा पाला चावायचा, बाळंतिणीच्या अंघोळीला निरगुडीचं पाणी. उरलेला पाला कणगीत, धान्याला कीड लागू नये म्हणून.

धायटी मात्र डोंगरावरची. माघ-फाल्गुनात तिच्या फांदीला पान कमी अन् तांबडं फूल जास्त. गुराखी पोरं फूल उपटून मध चोखायची, आम्हीही चोखलाय. आसव-अरिष्टं आंबवायला वैद्य लोक हीच फुलं घालतात. पूर्वी कापड रंगवायलाही ती जायची.

एकोणिसाव्या शतकात गोऱ्या साहेबानं शोभेसाठी अमेरिकेकडची घाणेरी या देशात आणली. बागेतून निसटली ती डोंगर चढली. दिसायला रंगीत आहे, कबूल. पण तिच्या दाटीत गवत उठत नाही, अन् भुकेलं जनावर ती चरलं तर कावीळ होऊन मरतंसुद्धा. धायटीची जागा तिनं आमच्या डोळ्यांदेखत घेतली.

रस्ता रुंद झाला तेव्हा आमची वई गेली. पंचनाम्यात आंबा लिहिला, फणस लिहिला. झुडपांना रकानाच नव्हता. आईनं लावलेली चाळीस वर्षांची वई कागदावर शून्य!

आता नर्सरीत बोगनवेल मिळते, ती ब्राझीलकडची. धायटी मागितली तर माळी तोंडाकडं बघतो. म्हणून बी मी डोंगरावरूनच आणतो. उन्हाळ्यात बोंडं वाळली की फुटायच्या आत तोडायची. बी तपकिरीसारखं बारीक. मातीवर नुसतं भुरभुरायचं, पुरायचं नाही. वरून पाणी ओतलं तर सगळं वाहून जातं, म्हणून ओलं गोणपाट झाकायचं अन् कोंब दिसले की काढायचं. माझ्या झाडांनी तिसऱ्या वर्षी फूल धरलं. शिंजीर सकाळपासून लोंबकळत असतो.

धाकटी सून म्हणाली, "मामा, ही झाडं रस्त्याच्या बाजूला लावू नका, परत तोडतील." तिचं खरं आहे. वई आता विहिरीकडच्या अंगाला लावतोय. बारा रोपं जास्तीची आहेत, ज्याला पाहिजेत त्यानं मृगाच्या आत न्यावीत.